दोन याद्यांची तुलना : सर्व्हरचे पत्ते आणि कमांड लाइनची साधी साधने

एखाद्या संस्थेच्या संगणकजाळ्यात नेमके कोणते सर्व्हर चालू आहेत, याची नोंद सहसा एकाच ठिकाणी नसते. एक यादी मालमत्तेच्या नोंदवहीत असते, दुसरी देखरेख करणाऱ्या प्रणालीत, तिसरी फायरवॉलच्या (जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या प्रणालीच्या) नियमांत आणि चौथी बॅकअपच्या वेळापत्रकात. या याद्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर त्याचे परिणाम गंभीर होतात. देखरेखीच्या यादीतून सुटलेला सर्व्हर बंद पडला तरी कोणालाही सूचना जात नाही. काढून टाकलेल्या सर्व्हरचा पत्ता (जाळ्यातील त्याचा ओळखक्रमांक) फायरवॉलमध्ये तसाच राहिला, तर पुढे तो पत्ता ज्या यंत्राला मिळेल, त्याला हक्क नसताना प्रवेश मिळतो. दोन्ही याद्यांतील ओळींची संख्या सारखी भरली, एवढ्यावरून त्या सारख्या आहेत असे मानता येत नाही.

शालेय गणिताच्या परिभाषेत प्रत्येक यादी हा एक संच आहे आणि आपल्याला तीन गोष्टी हव्या आहेत : फक्त पहिल्या संचातील पत्ते, फक्त दुसऱ्या संचातील पत्ते आणि दोन्हींचा छेदसंच. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) १९७०च्या दशकापासून असलेली ‘कॉम’ ही आज्ञा (टाइप करताना शेवटी दोन ‘एम’) हे तिन्ही भाग तीन स्तंभांत मांडते. जे स्तंभ नको असतील त्यांचे आकडे पर्याय म्हणून द्यायचे असतात. ‘कॉम -२३’ असे लिहिले की दुसरा आणि तिसरा स्तंभ गाळला जातो आणि फक्त पहिल्या यादीत असलेले पत्ते उरतात. ‘कॉम -१२’ने सामाईक पत्ते मिळतात.

या आज्ञेची एकच अट आहे : दोन्ही फाइली आधी ‘सॉर्ट’ने क्रमाने लावलेल्या असल्या पाहिजेत. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येकी १०,००० पत्त्यांच्या दोन विस्कळीत याद्यांत प्रत्येक पत्ता दुसऱ्या यादीतील प्रत्येक पत्त्याशी ताडून पाहायचा, तर १० कोटी तुलना कराव्या लागतील. याद्या क्रमाने लावलेल्या असतील, तर दोन्हींच्या पहिल्या ओळी समोरासमोर ठेवायच्या, जी क्रमाने आधी येते ती ‘फक्त याच यादीत’ म्हणून नोंदवून त्या यादीत एक पाऊल पुढे जायचे, आणि दोन्ही सारख्या असतील तर दोन्हींत पुढे सरकायचे. अशा एकाच फेरीत काम संपते आणि २०,०००पेक्षा अधिक तुलना कधीच लागत नाहीत. क्रम लावण्याचा खर्च धरला, तरी एकूण आकडा सुमारे तीन लाखांच्या घरात राहतो.

मात्र हा क्रम अक्षरांचा असतो, संख्यांचा नव्हे. अक्षरक्रमाने १९२.०.२.१० हा पत्ता १९२.०.२.९च्या आधी येतो, कारण ‘१’ हे चिन्ह ‘९’च्या आधीचे आहे. वाचायला सोयीचे म्हणून कोणी याद्या संख्याक्रमाने लावल्या, तर काय होते ते पाहा. पहिल्या यादीत .९ आणि .१० हे दोन पत्ते आहेत, दुसरीत फक्त .१० आहे. ‘कॉम’ला समोरासमोर .९ आणि .१० दिसतात, अक्षरक्रमाने .१० आधीचा असल्याने तो ‘फक्त दुसऱ्या यादीत’ ठरतो. दुसरी यादी तेथेच संपते, आणि मग पहिल्या यादीतील दोन्ही पत्ते ‘फक्त पहिल्या यादीत’ म्हणून छापले जातात. दोन्हीकडे असलेला पत्ता अशा रीतीने दोन्हीकडे हरवलेला दिसतो. ‘कॉम’ची लिनक्सवर सहसा असणारी ग्नू आवृत्ती क्रम चुकल्याचा इशारा देते, पण चुकीचे उत्तरही छापते. अक्षरांचा क्रम भाषेच्या सेटिंगनुसार बदलू शकतो, म्हणून ‘सॉर्ट’ आणि ‘कॉम’ या दोन्ही आज्ञा एकाच सेटिंगखाली चालवणे आवश्यक आहे.

याहून मूलभूत गोष्ट अशी की ही साधने पत्त्यांची नव्हे, मजकुराची तुलना करतात, आणि माझ्या मते या कामातील खरे कौशल्य तुलनेत नसून तिच्या आधीच्या तयारीत आहे. विंडोजवर तयार झालेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह असते; दुसरी फाइल लिनक्सवर तयार झाली असेल, तर डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन याद्यांत एकही ओळ जुळत नाही. ‘टीआर’ या आज्ञेने ते चिन्ह काढून टाकता येते. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते. यादीत सर्व्हरची नावे असतील तर डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत) रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद नसतो, पण ‘कॉम’साठी तो असतो, म्हणून सगळी अक्षरे आधी लहान करून घ्यावीत. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीत तर एकच पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो : सलग शून्यांचे गट गाळून दोन अपूर्णविराम (::) लिहिले काय, किंवा आठही गट पूर्ण लिहिले काय, पत्ता तोच राहतो. २०१० साली आरएफसी ५९५२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने लेखनाचा एक प्रमाण नमुना सुचवला. दोन्ही याद्या त्या नमुन्यात आणल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या (वरच्या उदाहरणांसारख्या) पत्त्यात शेवटचा आकडा ०१० असा लिहिला, तर काही प्रणाली तो अष्टमान (आठाच्या पायाच्या) पद्धतीने वाचून ८ समजतात, त्यामुळे असे शून्य दिसले की मूळ नोंद तपासलेली बरी.

यादीचा मूळ क्रम टिकवायचा असेल, तर मजकुरात नमुना शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा उपयोगी पडते. तिला पहिली यादी शोधनमुने म्हणून देता येते आणि ‘-व्ही’ पर्यायाने दुसऱ्या यादीतील न जुळणाऱ्या ओळी मिळतात. पण ‘ग्रेप’च्या दृष्टीने बिंदू म्हणजे कोणतेही एक चिन्ह, आणि नमुना ओळीच्या कोणत्याही भागात सापडला तरी तिला चालतो. त्यामुळे १०.१.१.१ हा नमुना १०.१.१.१५शी जुळतो, आणि १०.१.१२१.४शीसुद्धा. नवे पत्ते यामुळे गुपचूप गळून जातात. मोठ्या लिपीतील ‘एफ’ हा पर्याय बिंदूला केवळ बिंदू मानायला लावतो आणि लहान ‘एक्स’ संपूर्ण ओळ जुळण्याची अट घालतो. पत्त्यांसाठी हे दोन्ही पर्याय द्यायलाच हवेत.

पुष्कळांना प्रथम दोन फाइलींतील फरक दाखवणारी ‘डिफ’ आठवते. १९७४च्या पाचव्या युनिक्स आवृत्तीपासून असलेली ही आज्ञा उत्कृष्ट आहे, परंतु ती ओळींचा क्रम महत्त्वाचा मानते, आणि सर्व्हरच्या यादीत क्रमाला अर्थ नसतो.

तयारीचे टप्पे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले, की ‘सॉर्ट -यू’ने पुनरुक्ती काढलेली यादी दररोज तारखेच्या नावाने साठवता येते. कालची आणि आजची फाइल देऊन ‘कॉम -१३’ चालवले की रात्रीतून जाळ्यात आलेले नवे पत्ते मिळतात, आणि ‘कॉम -२३’ने नाहीसे झालेले. एकाच सर्व्हरला अनेक पत्ते असू शकतात, त्यामुळे प्रत्येक नवा पत्ता म्हणजे नवे यंत्र असे नव्हे. हा निर्णय ती यादी सांभाळणाऱ्या माणसालाच करावा लागतो.