रक्त वाहतं हवं, बाळ निजलेलं

बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एमआरआयमध्ये बघायच्या, तर एकाच वेळी दोन गोष्टी साधाव्या लागतात. बाळ जराही हलायला नको आणि त्याचं रक्त मात्र वाहतं हवं. कारण या तपासणीच्या एका प्रकारात, म्हणजे टाइम ऑफ फ्लाइट एमआर अँजिओग्राफीत, रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध देतच नाहीत. वाहतं रक्तच रंगाचं काम करतं.

नेहमीच्या एमआरआय यंत्राचं चुंबकीय क्षेत्र १.५ टेस्लाचं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असतं. शरीरातल्या पाण्यातली हायड्रोजनची केंद्रकं त्यात रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. या लहरी मेंदूच्या एकाच पट्ट्यावर लागोपाठ सोडल्या, की तिथल्या स्थिर पेशींना सावरायला उसंत मिळत नाही आणि त्यांचा प्रतिसाद मंदावतो. तेवढ्यात हृदयाकडून नवं रक्त त्या पट्ट्यात शिरतं. त्याने आधीच्या लहरींचा मारा सोसलेला नसतो, म्हणून ते लख्ख दिसतं. काळ्या पार्श्वभूमीवर रोहिण्यांचं पांढरंशुभ्र झाड उमटतं. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. वारंवार तपासावं लागणाऱ्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, असं मला वाटतं. काही तपासण्यांत गॅडोलिनियम या धातूची तशी औषधं लागतात, पण त्यांचा अंश मेंदूत साठून राहू शकतो हे २०१४ पासून ठाऊक झालं आहे. म्हणून मुलांना ती गरजेपुरतीच देतात.

ही पद्धत फसतेही, आणि नेमकी सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांत. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागात हा आजार किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. यात मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या आतून अरुंद होऊ शकतात आणि शाळकरी वयातच पक्षाघात येऊ शकतो. १९९८ च्या अमेरिकन चाचणीत मेंदूच्या डॉपलर सोनोग्राफीने रक्ताचा वेग मोजला गेला. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं, तेव्हा पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटला. रोहिणी कुठे आणि किती चिंचोळी झाली, ते एमआर अँजिओग्राफी दाखवते. पण या मुलांत रक्तक्षयामुळे प्रवाह वेगवान असतो. वळणावर त्यात भोवरे पडतात, तिथला प्रतिसाद विरतो आणि धडधाकट रोहिणीही अरुंद भासते. प्रतिसाद टिपायची वेळ अलीकडे आणली, तर ही फसगत बरीच कमी होते. अहवाल वाचणाऱ्याला मुलाचा आजार आधी माहीत असणं म्हणूनच महत्त्वाचं.

आता बाळ स्थिर ठेवायचं कसं? भूल द्यायची तर आधी काही तास दूध बंद करावं लागतं. अगदी तान्ह्या बाळांसाठी याच्या नेमकी उलट युक्ती वापरतात. पोटभर पाजायचं, कान झाकायचे, दुपट्यात गच्च गुंडाळायचं आणि झोप लागली की अलगद यंत्रात ठेवायचं. आपल्याकडे प्रत्येक आजी बाळाला असंच निजवत आली आहे. पुष्कळदा एवढ्यावर भूल टळते.

त्याआधी वाळे, मनगट्या, करगोट्यातला चांदीचा मणी, दुपट्याला लावलेली पिन, सगळं काढावं लागतं. पिन लोखंडी असेल तर चुंबक ती खेचून घेईल. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही हे खरं, पण रेडिओलहरींनी ती तापू शकते आणि तान्ह्याची कातडी फार नाजूक असते.