आवाजाची तार नसलेली केबल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीस की गोठ येथे, माझ्या मामांचे घर आहे. एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक विकत घेऊन त्यांनी त्यावर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवली आणि तो एचडीएमआय केबलने बैठकीच्या खोलीतील टीव्हीला जोडला. ग्वाल्हेर घराण्याच्या गायकांच्या मैफलींची जमवलेली चित्रमुद्रणे मोठ्या पडद्यावर पाहावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. चित्र पहिल्याच दिवशी लख्ख उमटले. गवयाचे ओठ हलत होते, तबलजीचा हात पडत होता आणि खोलीत मात्र शुकशुकाट होता. केबलमधील आवाजाची तार तुटली असावी, असे शेजाऱ्यांचे निदान होते. सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्यावी, असा दुकानदाराचा सल्ला होता. आणि घरातील तरुण मंडळींनी सारा दोष लिनक्सवर टाकला. तिन्ही निदाने चुकली, पण त्यांतील पहिले का चुकले हे पाहण्यासारखे आहे.

आवाजाला वेगळी तार असते हा समज जुन्या टीव्हीने रुजवला. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल पिन डाव्या-उजव्या आवाजाची, हे ज्याने एकदा जोडून पाहिले आहे त्याच्या मनात तार आणि काम यांची जोडी पक्की बसते. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या, चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणाऱ्या एचडीएमआयने ही जोडी मोडली. तिच्या टोकाला १९ पिना असतात. त्यांतून तारांच्या तीन जोड्या माहिती वाहून नेतात, चौथी जोडी घड्याळाचे ठोके नेते आणि उरलेल्या पिना विजेच्या जमिनी (ग्राउंड), पाच व्होल्ट व निरोपांसाठी असतात. संगणकाकडून टीव्हीकडे आवाज नेणारी स्वतंत्र तार त्यांत एकही नाही. (टीव्हीकडून अॅम्प्लिफायरकडे उलट्या दिशेने आवाज पाठवण्याची सोय २००९ च्या १.४ आवृत्तीत आली. तिची गोष्ट निराळी आहे.)

मग आवाज जातो कोठून? तो चित्राच्या विश्रांतीतून जातो, आणि मला या साऱ्या यंत्रणेत हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवत असे आणि मग पुढच्या ओळीसाठी, टंकलेखन यंत्राची गाडी मागे ढकलावी तसा, रिकामा परत येत असे. संपूर्ण पडदा रंगवून झाला की खालून वर जायलाही त्याला वेळ लागे. या परतीच्या प्रवासात चित्र पाठवून उपयोग नसल्यामुळे संकेतात तेवढी जागा मोकळी सोडली जात असे. आजच्या चपट्या पडद्यात झोतही नाही आणि परतीचा प्रवासही नाही, तरी ही मोकळी जागा तांत्रिक प्रमाणकांमध्ये टिकून राहिली. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना केबलवरून प्रत्यक्षात २२०० गुणिले ११२५ बिंदूंचा वेळ खर्च होतो. हिशेब केला तर सुमारे १६ टक्के वेळ चित्राविना जातो.

एचडीएमआयच्या रचनाकारांनी याच मोकळ्या वेळात आवाजाची पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, बसवली. एक पाकीट ३२ बिंदूंच्या वेळात मावते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी २८० बिंदूंची मोकळीक असते. दोन वाहिन्यांच्या (डाव्या-उजव्या) आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणोक्षणीची मापे, घेतली आणि एका पाकिटात चार नमुने घातले, तर सेकंदाला १२,००० पाकिटे पुरतात. ओळी मात्र सेकंदाला ६७,५०० जातात. म्हणजे साधारण पाच-सहा ओळींमागे एक पाकीट पाठवले तरी गवयाचा सूर पूर्ण पोहोचतो. आठ वाहिन्यांचा आवाज असला तरी ओळीमागे एक पाकीटसुद्धा लागत नाही.

घड्याळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आवाजाचे नमुने पाकिटांतून झुंडीने येतात, पण टीव्हीने ते अगदी सारख्या अंतराने वाजवले पाहिजेत, नाहीतर स्वर थरथरेल. आवाजाच्या घड्याळालाही वेगळी तार नाही. म्हणून संगणक टीव्हीला दोन आकडे कळवतो आणि टीव्ही चित्राच्या घड्याळावरून आवाजाचे घड्याळ नव्याने घडवतो. आपल्या उदाहरणात ते आकडे ६१४४ आणि १,४८,५०० असे आहेत. चित्राचे घड्याळ सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठोके देते. त्याला ६१४४ ने गुणून १,४८,५०० ने भागले की ६१,४४,००० उरतात, आणि ही संख्या ४८,००० च्या बरोबर १२८ पट आहे, म्हणजे तिला १२८ ने भागले की आवाजाचे ठोके मिळतात. सीडीवरील ४४,१०० नमुन्यांच्या आवाजासाठी हेच आकडे ६२७२ आणि १,६५,००० होतात. ज्यांना गुणाकाराची हौस आहे त्यांनी करून पाहावा, शेष उरत नाही.

आता मामांच्या खोलीकडे वळू. ही पाकिटे आपोआप पाठवली जात नाहीत. एचडीएमआयचे चित्र पाठवण्याचे तंत्र १९९९ च्या डीव्हीआय या संगणकाच्या पडद्यांसाठीच्या जोडणीवरून घेतलेले आहे, आणि डीव्हीआय पडद्याला पाकीट म्हणजे काय हेच ठाऊक नसते. त्यामुळे संगणक आधी दोन बारीक तारांवरून पडद्याची ओळखपत्रिका वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा पहिला भाग १२८ बाइटांचा असतो आणि त्यात ध्वनीचा उल्लेखही नसतो. पुढच्या १२८ बाइटांच्या जोडपत्रात ‘मी एचडीएमआय आहे’ ही खूण आणि कोणता आवाज, किती वाहिन्यांचा, किती नमुन्यांचा चालेल याची यादी असते. जोडपत्रात हे नसेल तर संगणक समोरच्याला डीव्हीआय पडदा समजतो आणि निव्वळ चित्र पाठवतो.

लिनक्समध्ये चित्राचा चालक (ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभाग चालवणारी आज्ञावली) ही पत्रिका वाचतो आणि तिचा ध्वनीपुरता गोषवारा, ज्याला ईएलडी म्हणतात, ध्वनीच्या चालकाला देतो. हा गोषवारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका साध्या मजकुराच्या फाइलीत कोणालाही वाचू देतो, आणि लिनक्सवर आळ घेणाऱ्यांनी ही पारदर्शकता एकदा पाहायला हवी. मामांच्या संगणकावर तेथे ‘पडदा उपस्थित’ यापुढे शून्य होते आणि ‘गोषवारा वैध’ यापुढेही शून्य होते. समोर गवई दिसत असताना ध्वनीचा विभाग म्हणत होता की पडदा जोडलेलाच नाही.

गुन्हेगार टीव्हीच्या मागे सापडला. सेट-टॉप बॉक्स आणि संगणक एकाच एचडीएमआय खोबणीत लावता यावेत म्हणून मामांनी एक स्वस्त डबी मध्ये बसवली होती, आणि ती टीव्हीची पत्रिका पुढे न देता स्वतःचीच, ध्वनीचे जोडपत्र नसलेली पत्रिका संगणकाला दाखवत होती. डबी काढून केबल थेट टीव्हीला लावली, दोन्ही शून्यांचे एक झाले आणि ध्वनीच्या मांडणीत टीव्हीचे नाव उमटले.

सगळीकडे दोष डबीचाच असतो असे नाही. बऱ्याचदा आवाज संगणकाच्या पाठीमागच्या, स्पीकरसाठीच्या हिरव्या खोबणीकडेच जात असतो आणि पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या मांडणीच्या खिडकीत एचडीएमआय निवडले की काम होते. कधी अल्सामिक्सर या आवाज कमी-जास्त करण्याच्या साधनात ‘आयईसी ९५८’ अशा अनोळखी नावाखाली एचडीएमआयचा आवाज बंद करून ठेवलेला असतो. एम ही कळ दाबली की तो उघडतो.

सोन्याच्या मुलाम्याचे काय? सोने गंजत नाही, एवढे खरे. परंतु २.१ पूर्वीच्या एचडीएमआयमध्ये आवाजाच्या पाकिटांना चूक सुधारणारे जादा अंक जोडलेले असतात आणि चित्राच्या बिंदूंना हे संरक्षण नसते. केबल खराब असती तर आधी चित्रावर ठिणग्या उडाल्या असत्या. चित्र स्वच्छ आणि आवाज शून्य, या लक्षणावर महाग केबल सुचवणे म्हणजे पोट दुखत असताना गंडा बांधणे होय. पत्रिका वाहणाऱ्या दोन बारीक तारांपैकी एखादी तुटली तर गोष्ट वेगळी, पण तिला मुलाम्याची नव्हे, अखंड तांब्याची गरज असते.

आवाज सुरू झाल्यावर मामांनी एक नवी तक्रार केली : प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा पहिला सूर गिळला जातो. त्यांचा कान खोटा नव्हता. पाच सेकंद काही वाजले नाही की पाइपवायर ही लिनक्समधील ध्वनी हाताळणारी यंत्रणा ध्वनीचे यंत्र झोपवते, आणि ते जागे झाल्यावर टीव्हीला नवे घड्याळ जुळवून घ्यायला क्षणभर लागतो. पाइपवायरचा कारभार पाहणाऱ्या वायरप्लंबरच्या मांडणीत हा पाच सेकंदांचा अवधी शून्य केला, म्हणजेच झोपवणे बंद केले, आणि त्या रात्री तानपुऱ्याची पहिली तार छेडलेली ऐकू आली.