कीड फक्त गोडामुळे? दातांच्या कच्च्या कवचाची मागची गोष्ट

मुलाची दाढ किडली की पहिला संशय चॉकलेटवर आणि दुसरा ब्रश करण्यातल्या आळसावर. या संशयाला शास्त्रीय आधार मिळाला तो १८९० मध्ये. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी मांडलं, की तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दातातली खनिजं विरघळतात. हे बरोबरच होतं. पण त्यानंतर जंतू आणि साखरेची चर्चा इतकी रंगली, की मुळात दात कसा घडला आहे हा प्रश्न मागे पडला.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा होतात, त्यामुळे घडताना राहिलेली कसर शरीराला नंतर भरून काढता येत नाही. पहिल्या कायमच्या दाढेचं इनॅमल जन्माच्या सुमारास घडू लागतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरं होतं. दाढ दिसते मात्र सहाव्या वर्षी, तीही एकही दुधाचा दात न पडता, मागच्या बाजूला. त्यामुळे अनेक आईवडील तिला दुधाचीच समजतात.

घडणीकडे लक्ष वेधलं ते ब्रिटनच्या मे मेलनबी यांनी. कुत्र्याच्या पिल्लांवरचे त्यांचे प्रयोग १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ज्याला ड जीवनसत्त्व म्हणतात, ते आहारात कमी पडलं की इनॅमल पातळ आणि खडबडीत होतं, असं त्यातून दिसलं. असे दात लवकर किडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याआधीपासूनच कोड्यात टाकणारी गोष्ट अमेरिकेत घडत होती. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके कोलोरॅडो स्प्रिंग्जला दवाखाना थाटायला गेले, तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग! इनॅमल उघडच बिघडलेलं, तरीही कीड कमी. १९३१ मध्ये कारण सापडलं: पाण्यातलं जादा फ्लोराइड. म्हणजे दिसायला वाईट दात किडतोच असं नाही. दोष कोणत्या जातीचा आहे ते बघावं लागतं. माझ्या मते या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची शिकवण, पण पुढची कित्येक दशकं बोलबाला झाला तो फ्लोराइडचा. दोषांची वर्गवारी मागेच राहिली.

१९८७ मध्ये स्वीडनमधून बातमी आली, की तिथल्या मुलांच्या पहिल्या दाढांवर पिवळट-तपकिरी, मऊ चट्टे आढळताहेत. फ्लोराइडने त्यांचा उलगडा होत नव्हता. नेदरलँड्समध्ये अशा दाढांना ‘चीज दाढा’ म्हणत. २००१ मध्ये या दोषाला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन (दाढा आणि पुढच्या दातांत खनिजांची कमतरता), थोडक्यात एमआयएच, हे नाव मिळालं. इथे इनॅमलची जाडी पुरेशी असते, पण खनिज कमी. चावताना त्याचे टवके उडतात, उघड्या भागात कीड सहज शिरते. गार पाण्यानेही कळ येते म्हणून मूल तिथे ब्रश लावू देत नाही आणि कीड आणखी फोफावते. भूल नीट चढत नाही, भरलेल्या सिमेंटची कड निखळते. जगभरच्या पाहण्यांचा सरासरी अंदाज सुमारे १३ ते १४ टक्के मुलांचा आहे.

एकच एक कारण अजून सिद्ध झालेलं नाही. पहिल्या तीन वर्षांतली आजारपणं आणि अनुवंश यांच्यावर संशय आहे. मात्र दुधाच्या शेवटच्या दाढेवर तसेच चट्टे असतील, तर कायमच्या दाढेतही दोष असण्याची शक्यता वाढते. ती दुधाची दाढ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तोंडात आलेली असते.