मेंदूतील मूलपेशींचे संख्यानियमन

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी ज्या मूलपेशींपासून तयार होतात, त्या मूलपेशी किती वाढाव्यात, किती राखल्या जाव्यात आणि किती खर्ची पडाव्यात हे ठरवणारी प्रक्रिया.

कोल्हापूरच्या वाचकाला यातला मूळ पेच उसाच्या बेण्यावरून चटकन कळेल. सगळा ऊस कारखान्याला नाहीतर गुऱ्हाळाला घातला, तर पुढची लावण कशाने करायची? आणि सगळाच बेण्याला राखला, तर गूळ कुठला? मूलपेशीपुढे हा हिशेब प्रत्येक विभाजनाला उभा असतो. दोन्ही लेकी मूलपेशीच राहिल्या तर संख्या दुप्पट होते. एक राहिली आणि दुसरी चेतापेशी होण्याच्या वाटेला लागली तर संख्या तेवढीच राहते. दोघीही त्या वाटेला गेल्या तर बेणेच संपते. दाखला मात्र इथवरच चालतो, कारण शेतातला हिशेब शेतकरी करतो आणि मेंदूत शेतकरी कोणी नाही. तिथे पेशी आपसांतच हिशेब मिटवतात.

गर्भाच्या सुरुवातीच्या काळात मज्जानलिकेच्या (जिच्यापासून पुढे मेंदू घडतो त्या नळीच्या) भिंतीतल्या पेशी बहुतांशी दुपटीनेच वाढतात. अशा दहा फेऱ्यांत एका पेशीच्या १,०२४ होतात. अकरावी फेरी झाली तर २,०४८. म्हणजे या टप्प्यात एखादी फेरी जास्त मिळाली, तरी पुढच्या सगळ्या पिकाचे क्षेत्रच दुप्पट होते. त्यानंतर याच पेशी भिंतीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लांब धागा ताणलेल्या अरीय ग्लिया बनतात आणि एक राखायची, एक द्यायची असा क्रम सुरू होतो. उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरात, चेतापेशी घडण्याचा काळ जेमतेम सहा दिवसांचा असून तेवढ्यात सुमारे ११ पेशीचक्रे होतात. माणसात हा काळ काही महिन्यांचा आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, तर उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी. या तफावतीचे मूळ बरेचसे मूलपेशींच्या फेऱ्यांमध्ये आहे. २००२ साली अमेरिकेत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन मूलपेशींमध्ये सतत कार्यरत राहील असे उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या मूलपेशी विभाजनाच्या चक्राबाहेर पडेनात. बाह्यकाचा पृष्ठभाग इतका पसरला की एरवी गुळगुळीत असणाऱ्या उंदराच्या मेंदूला चक्क घड्या पडल्या.

कोणी थांबायचे आणि कोणी जायचे, हे ठरवण्यात नॉच या ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश झेलणाऱ्या, प्रथिनाचा वाटा सर्वांत मोठा आहे. या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झालेल्या फळमाशीच्या पंखाला खाच पडते, त्यावरून हे नाव आले. चेतापेशी होऊ घातलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर डेल्टा नावाचे प्रथिन आणते. ते शेजारणीच्या नॉचला भिडले की नॉचचा आतला तुकडा कापला जाऊन केंद्रकात जातो आणि तिथे हेस-१, हेस-५ ही जनुके चालू करतो. ही जनुके चेतापेशी घडवणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतात. थोडक्यात, निघालेली पेशी मागे राहणारीला सांगून जाते, ‘मी चालले, तू थांब.’ हा निरोप अंगाला अंग लागल्याशिवाय पोहोचत नाही, त्यामुळे शेजार बदलला की निर्णयही बदलतो. नॉचचा संदेश तुटला तर मूलपेशी घाईने चेतापेशी होतात आणि साठा लवकर आटतो. नम्ब नावाचे प्रथिन नॉचला आवर घालते.

हा संवाद उलट दिशेनेही चालतो. प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पोकळीच्या कडेला मूलपेशी आणि त्यांच्यापासून झालेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या मधल्या पेशी एकत्र असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या मधल्या पेशींमध्ये, पेशींना वाढायला लावणाऱ्या एपिडर्मल वृद्धी घटकाचा ग्राही वाढवला गेला. मधल्या पेशी वाढल्या, पण शेजारच्या मूलपेशींमधला नॉचचा जोर ओसरला आणि त्यांची संख्या घटली. माल भरपूर तयार असेल तर बेणे कमी, असा हा तोल.

प्रौढपणी मूलपेशींचा ठावठिकाणा दोनच जागी ठळकपणे आढळतो: मेंदूतल्या पार्श्व (बाजूच्या) पोकळ्यांची कड आणि स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमधला दंतुर भाग. या जागांना भिंतीतल्या देवळीची उपमा शोभते; आतली वस्तू टिकते ती देवळीमुळे. रक्तवाहिन्या, पोकळीतला द्रव, शेजारच्या ग्लिया या सगळ्यांकडून संदेश येत असतात. पोकळीच्या कडेच्या मूलपेशी जन्मानंतर तयार होत नाहीत. त्या गर्भातच बाजूला काढून ठेवलेल्या असतात, असे २०१५ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. विभाजनाला लगाम घालणारे पी-५७ हे प्रथिन त्यांना निजवून ठेवते. निजणे हीच इथली काटकसर. पी-२१ हा दुसरा लगाम काढलेल्या उंदरांत मूलपेशी तरुणपणी जोमाने वाढतात, पण म्हातारपणी साठा संपतो. वारंवार खोडवा घेतलेल्या रानासारखीच ही गत.

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी होतात, हे संशोधक जोसेफ आल्टमन यांनी १९६२ साली मांडले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले तेच हे वर्ष. पुढे १९६५ साली गोपाळ दास यांच्यासह त्यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे पुरावे दिले, तरी दोन दशके कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९९२ साली ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या मूलपेशी बशीत वाढवून दाखवल्या, तेव्हा चित्र पालटले. माणसाबाबतचा वाद मात्र अजून चालू आहे. प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जवळजवळ सापडत नाहीत आणि वार्धक्यातही भरपूर सापडतात, असे परस्परविरोधी दोन निष्कर्ष २०१८ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाले.

नियमन बिघडल्याचे सर्वांत ठळक रूप म्हणजे जन्मजात लहान डोके, म्हणजेच मायक्रोसेफली. एएसपीएम या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर मूलपेशींचा साठा वेळेआधी आटतो आणि बाह्यक लहान राहते. असे अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारे, दोष नात्यातल्या लग्नांत एकत्र येण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात जनुकीय सल्ल्याचे महत्त्व त्यामुळेच अधिक. झिका विषाणू गर्भातल्या मूलपेशींनाच गाठतो. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची अनेक बाळे जन्मली, ती यामुळेच. संख्या फाजील वाढणेही घातक ठरते. पेशींचा नियोजित मृत्यू घडवणारे कॅस्पेज-९ नसलेल्या उंदरांत जादा पेशी साचून मेंदू बेढब होतो आणि बहुतेक पिल्ले जन्माच्या आसपासच दगावतात.