शिकारी अपंग असेल तर?

वन्यजीव संरक्षण कायद्यात अपंगत्वाचा उल्लेख आहे, पण तो शिकाऱ्याच्या नव्हे, जनावराच्या. १९७२ च्या या कायद्याचं कलम ११ म्हणतं की एखादं जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल, किंवा बरं होण्यापलीकडे अपंग वा आजारी झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक ते मारायला परवानगी देऊ शकतात. बंदूक धरणाऱ्याचे हातपाय धड आहेत का, हे त्यात कुणी विचारलेलंच नाही.

अमेरिकेत नेमका हाच प्रश्न कायद्याने सोडवावा लागला. तिथे शिकार कायदेशीर आहे, परवाने राज्यं देतात आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा राष्ट्रीय कायदा आला, तो राज्य सरकारांनाही लागू झाला. नियमांमधल्या सवलती राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. मिशिगनमध्ये परवाना घेऊन उभ्या गाडीतून नेम धरता येतो. अनेक राज्यांत धनुष्यबाणाच्या हंगामात क्रॉसबोची मुभा मिळाली. त्याची दोरी ताणून धरावी लागत नाही, बंदुकीसारखा घोडा ओढायचा. टेक्सासने २००७ मध्ये दृष्टिहीनांना डोळस सोबत्यासह लेझरचा ठिपका वापरायची परवानगी दिली. आपल्याकडे हे ऐकून लोक हसतात. पण नेम धरायला सोबती सांगतो, चाप मात्र स्वतः ओढायचा, एवढाच त्याचा अर्थ.

त्यावर तिथे वादही झाले. सवलत दिली की खेळ तोच राहतो का? हाच प्रश्न गोल्फच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पायाच्या व्याधीमुळे चालणं अवघड झालेल्या केसी मार्टिन या खेळाडूला स्पर्धेत गाडी वापरू द्यावी, असा निकाल २००१ मध्ये लागला. चालणं हा गोल्फचा गाभा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. क्रॉसबोचं पुढे काय झालं ते तर मजेशीर आहे: अपंगांसाठी उघडलेलं दार बऱ्याच राज्यांत सगळ्यांनाच खुलं झालं.

मराठवाड्यात उलटं घडलं. सवलती आधी धडधाकटांनी घेतल्या. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सहावे निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीचे नामांकित शौकीन. बडे लोक मचाणावर बसायचे, हाकेवाले जनावर पुढ्यात आणून घालायचे. नंतर जीप आली, रात्रीचा झोत आला. म्हणून तर १९७२ च्या मूळ कायद्याने वाहनातून शिकार करायला मनाई केली. अमेरिकेत जी गोष्ट अपंगांची सोय, ती इथे लुटीचं साधन ठरली होती.

ज्यांचं पोटच शिकारीवर, त्या पारध्यांना कुठली सोय नव्हती. हरणाचा माग काढायचा, बैलाच्या आडून जवळ जायचं, फासे लावायचे. सगळी मदार पायांवर आणि नजरेवर. गुन्हेगार जमातींचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला, पण वीस वर्षांत शिकारच गुन्हा झाली. सुरुवातीला परवान्याने काही शिकार चालत होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. त्यामुळे १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला तेव्हा शिकाऱ्यांसाठी सवलत मागायला शिकारीच उरले नव्हते. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सोयीसुविधा नाकारणं म्हणजे भेदभाव हेही मान्य केलं. त्याचा आणि बंदुकीचा संबंध जोडायचं कारण कुणाला पडलं नाही.

कारण पडतं ते शेतात. तूर भरात आली की रोही, म्हणजे नीलगायी, येतात, रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात. मळणी यंत्रात हात गेलेले शेतकरी आपल्याकडे नवे नाहीत. असा माणूस राखणीला माळ्यावर चढणार कसा, आणि गोफण फिरवणार कशी? ज्याला परवडतं तो झटका मशीन, म्हणजे जनावराला विजेचा झटका देणारं कुंपण, लावतो.

कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान हेही परवानगीचं कारण आहे. मात्र ते सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे यादीतल्या, जनावरांना लागू नाही. रोही आणि डुक्कर त्या यादीत नाहीत. काळवीट मात्र आहे, त्याने हरभरा साफ केला तरी पंचनामा आणि भरपाईचा अर्ज एवढंच हाती राहतं. शस्त्र कायद्यात पीक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे.

कलमातले दोन शब्द सहसा कुणी नीट वाचत नाही. परवानगी 'कोणत्याही व्यक्तीला' देता येते, असं ते म्हणतं. ती व्यक्ती शेताचीच मालक असली पाहिजे, अशी अट त्यात नाही. म्हणजे हात गमावलेल्याने अर्ज करावा आणि बंदुकीचा परवाना असलेल्या दुसऱ्याने चाप ओढावा, याला जागा आहे. टेक्सासात सोबती नेम सांगतो, इथे सोबतीच शिकारी. आणि मेलेलं डुक्कर दोघांचंही नाही. कलम ३९ प्रमाणे ती सरकारी मालमत्ता.