जुन्या सेप्टिक टँकला मूठमाती कशी द्यायची?

नाशिकमधल्या कॉलेज रोड, नाशिकरोड किंवा सिडकोतल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या व्यापारी संकुलांमध्ये पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली सेप्टिक टँक असण्याची शक्यता दाट. ती बांधली तेव्हा भुयारी गटार तिथवर पोचलेली नव्हती. पुढे लाइन आली, प्लंबरने टाकीचा आउटलेट शोषखड्ड्यातून काढून गटारीच्या चेंबरला जोडला आणि काम उरकलं असं सगळ्यांनी धरून चाललं. टाकी मात्र बंद झालीच नाही. मैला आजही आधी तिच्यात पडतो, तिथे कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड घेऊनच गटारीत जातो.

म्हणून टाकी बाद करायची तर पहिलं काम टाकीच्या अलीकडचं. संडासाची लाइन टाकीला वळसा घालून नव्या चेंबरमार्गे थेट गटारीला न्यायची. 150 मिमी पाइपला 1:100 उतार लागतो, म्हणजे 30 मीटरच्या धावेत 30 सेंटीमीटर. जुनी टाकी बऱ्याचदा खोल असते, गटारीचं चेंबर त्यामानाने उथळ निघतं, म्हणून खोदाईआधी लेव्हल घ्या. जोडणीची परवानगी महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून काढावी लागते. मग प्रत्येक मजल्यावरच्या संडासात रंगीत पाणी ओतून ते नव्या चेंबरमध्येच उतरतंय ना, हे पाहा. मागच्या दुकानाचं किंवा वॉचमनच्या खोलीचं एखादं कनेक्शन हमखास विसरलेलं असतं. सगळं जुळलं की टाकीचं इनलेट आणि आउटलेट विटा-सिमेंटने पक्कं बुजवायचं.

मैला येणं थांबलं तरी तळाचा गाळ कुजतच राहतो. त्याला हवा नको असते, त्यामुळे झाकणबंद टाकी जिवाणूंना चांगलीच मानवते. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड पुढेही तयार होत राहतात. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की ठिणगी पुरते. बिडी, ग्राइंडर, गॅस कटर, काहीही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. सडक्या अंड्याचा वास फार कमी प्रमाणातही येतो, पण 100 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस खाली उतरतो तो इथेच. 500 ते 700 पीपीएममध्ये काही मिनिटांत शुद्ध हरपते, 1000 च्या पुढे एक-दोन श्वासांत. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच कोसळतो.

गॅस मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही पातळ्यांवर मोजणी करायची. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या वर किंवा मिथेन 0.5 टक्क्यांच्या वर गेला की काम थांबवायचं. पण एक गोष्ट या कामातले जुने लोकही विसरतात. शांत टाकीचा आकडा फसवा असतो. वरची घट्ट साय आणि खालचा गाळ यांत गॅस बुडबुड्यांच्या रूपात अडकलेला असतो. पाइप खुपसून ढवळलं की तो एकदम सुटतो आणि मिनिटापूर्वी शून्य दाखवणारा मीटर बोंबलायला लागतो. उपसा चालू असेपर्यंत मीटर टाकीतच लटकत ठेवा. ब्लोअरने ताजी हवा आत ढकला, मात्र जनरेटरचा धूर त्याच ब्लोअरच्या तोंडाशी येणार नाही असा तो दूर ठेवा.

आणि ॲसिड ओतू नका. गाळ सुटावा म्हणून संडास धुण्याचं ॲसिड टाकीत रिचवायची खोड सफाईवाल्यांमध्ये बरीच आहे. पाण्यात विरघळलेला सल्फाइड पीएच उतरला की वायू होऊन बाहेर पडतो, म्हणजे एक कॅन ॲसिड हे गॅस सोडण्याचं बटणच.

माणूस आत उतरवायचाच नाही, हे फक्त सुरक्षिततेसाठी नाही. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने कोणाला सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईला लावणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारसफाईतल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. ‘कॉन्ट्रॅक्टरने उतरवला, आम्हाला माहीत नाही’ असं म्हणून संकुलाच्या सोसायटीला हात झटकता येतील, या भ्रमात राहू नये.

आता उपसा. आतून 4 मीटर लांब, 2 मीटर रुंद, दीड मीटर पाणी अशी टाकी धरली तर 12,000 लिटर होतात, म्हणजे 4,000 लिटरच्या व्हॅक्यूम गाडीच्या तीन खेपा. तळाचा गाळ घट्ट असेल तर वरून जेटिंग करून, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत मारून, पातळ करायचा आणि आणखी एक खेप मारायची. मधल्या भिंतीमुळे टाकीचे दोन कप्पे असतात; दुसऱ्या कप्प्याचं झाकण पेव्हरखाली गाडलेलं असलं तर तो तसाच भरलेला राहतो. गाळ महापालिका सांगेल त्या मलशुद्धीकरण केंद्रावरच जायला हवा, नाल्यात नाही. गाडीवाल्याकडून तिथली पोच घ्या. सातपूर-अंबडमधल्या कारखान्याची टाकी असेल आणि तिथे कधी प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवण्याचं काम) चालत असेल तर आधी गाळ प्रयोगशाळेत तपासा. क्रोमियम, निकेल निघालं तर तो साधा मैला राहत नाही, घातक कचरा ठरतो.

उरलेल्या पातळ थरावर विझवलेला चुना टाकायचा, पीएच पट्टीवर 12 दिसून ते अर्धा तास टिकेपर्यंत. कळीचा चुना नको; तो पाण्यात उकळतो, उडतो आणि डोळे जातात. चुन्याने अमोनिया सुटतो, तेव्हा ब्लोअर चालूच.

खरी गोम स्लॅबमध्ये असते. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड स्लॅबच्या खालच्या ओल्या पृष्ठभागावर पोचतो. तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ते सिमेंटमधला चुना खाऊन त्याचा जिप्सम करून टाकतं, पांढरा आणि ओल्या पिठासारखा मऊ. मग सळया उघड्या पडून गंजतात. हे सगळं खालून चाललेलं असतं. वरून पेव्हर अगदी समतल दिसतात. झाकण उघडून मेणबत्ती किंवा मोबाइल आत घालण्यापेक्षा आरशाने ऊन आत पाडा: पांढरट पापुद्रे आणि तांबूस सळया दिसल्या तर त्या स्लॅबवर पाय ठेवायचा नाही. गाड्या हलवा, कडेपासून तीन मीटरवर दोरी बांधा. सात-आठ टनांचा जेसीबीही त्या दोरीबाहेरूनच हात लांबवून काम करेल.

मीटर सुरक्षित आकडे दाखवतोय तोवरच स्लॅब फोडायचा, ब्रेकर लावून, बाहेरून. भिंती जमिनीखाली निदान 600 मिमीपर्यंत उतरवायच्या, म्हणजे पुढे कडेला उंचवटा राहत नाही. तळ फोडणं बरेच जण टाळतात. न फोडलेला तळ म्हणजे जमिनीत पुरलेली वाटी; पावसाळ्यात त्यात पाणी थांबतं आणि भराव खचतो. दोन-तीन ठिकाणी फूटभर रुंद भोकं ब्रेकरने पाडली की पाणी खाली जातं. टाकी उपसून तशीच रिकामी सोडणं तर आणखी वाईट. बाहेर दीड मीटर पाणी चढलं तर एवढ्या टाकीवर खालून साधारण 16 टनांचा रेटा येतो. विटांच्या टाकीचा तळ तडकतो, फायबरची टाकी अख्खी वर येते. म्हणून काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावं.

भरावाला मुरूमच. प्लॉटवर खोदून निघालेली काळी माती फुकट मिळते, म्हणून ती ढकलून देण्याचा मोह होतो, पण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या टाकीची पोकळी 1.8 मीटर खोल धरली तर 14.4 घनमीटर, म्हणजे पाच ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास. दबाईचे 25 टक्के धरून साडेसहा ब्रास मागवा. 200 ते 250 मिमीचा थर, हलकं पाणी, रॅमर (भराव ठोकून दाबणारं यंत्र), मग पुढचा थर. ट्रकभर एकदम ओतून वरून जेसीबीने थापलं तर खालचा मीटरभर भराव पोकळच राहतो. इमारतीच्या कॉलमला खेटून असलेल्या टाकीचा स्लॅब फोडता येत नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून झाकणातून सिमेंट-वाळूचा पातळ रगडा ओततात. खर्च जास्त, पण कोपरे भरले जातात.

शोषखड्ड्यालाही हेच. त्याचा पुनर्भरण खड्डा करून गच्चीचं पाणी सोडा, हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो आणि आमच्या मते तो धोकादायक आहे. नाशिकखालच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून धावतं, गाळून निघायला मातीचा जाड थर मध्ये नसतो. वर्षानुवर्षं मुरलेली घाण पावसाच्या पाण्याबरोबर थेट शेजारच्या बोअरमध्ये उतरू शकते. पुनर्भरण करायचंच तर नवा खड्डा घ्या, जुन्यापासून आणि गटारीपासून दूर.

भरावावर लगेच काँक्रीट ओतू नका. एक पावसाळा पेव्हरच ठेवा आणि टाकीची जागा संकुलाच्या नकाशावर मापांसह मांडून घ्या. ऑक्टोबरात सरळ फळी टाकून बघा; 20 मिमीहून जास्त खळगा दिसला तर ब्लॉक उचला, मुरूम भरा, पुन्हा रॅमर फिरवा.