सोयाला आच हवी, वसाबीला नको: एका ग्लेझच्या मागची गोष्ट

हल्ली मुंबई-पुण्यातल्या जरा महागड्या हॉटेलांच्या मेन्यूवर सोया-वसाबी ग्लेझ (म्हणजे पदार्थावर चढवायचा दाट, चकाकणारा सॉस, त्यात नाकात जाणारी तिखट जपानी वसाबी) हे प्रकरण दिसतं, कधी सॅमनवर, कधी प्रॉन्सवर, आणि आता तर पनीरवर सुद्धा (काय बोलणार). वाचणाऱ्याला वाटतं की जपानात हे शेकडो वर्षं असंच चालत आलं असणार. तर तसं नाहीये. सोया सॉस जुना आहे, वसाबी तर अजूनच जुनी, पण दोन्ही एका बशीत आले ते बऱ्याच उशिरा, आणि एका तव्यावर आले ते अगदी काल-परवा, तेही बरंचसं पॅसिफिकच्या त्या बाजूला, अमेरिकेत. त्याला कारण आहे. सोया सॉस आचेवर खुलतो आणि वसाबी आचेवर मरते, त्यामुळे या दोघांना एकत्र नांदवणं हे मुळातच भांडणाचं काम.

आधी सोया. मुळं चीनमधली, तिथे सोयाबीन, मासे, मांस मिठात आंबवून दाट पेस्ट करायची पद्धत फार जुनी. जपानात 701 सालच्या कायद्यात राजवाड्याच्या मुदपाकखान्यात असल्या आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळं खातंच होतं, म्हणजे तेव्हाच ही गोष्ट सरकारदरबारी पोचलेली. पण आज आपण ज्याला सोया सॉस म्हणतो तो पातळ, काळसर लाल प्रकार यायला अजून पाचेकशे वर्षं लागली. गोष्ट अशी सांगतात की काकुशिन नावाचा झेन भिक्षू 1254 च्या सुमारास चीनमधून परत आला, येताना तिथल्या मठातली भाज्या घालून मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) करायची रीत शिकून आला, आणि आजच्या वाकायामा भागात युआसा नावाच्या गावात लोक तसा मिसो घालायला लागले. तर पिंपाच्या तळाशी जे पाणी सुटायचं ते चाखून बघितलं तर मिसोपेक्षा तेच भारी लागलं. यालाच पुढे तमारी म्हणायला लागले. दंतकथा किती आणि इतिहास किती ते सोडा, पण युआसा हे सोया सॉसचं माहेर मानतात आणि तिथे अजून जुन्या पद्धतीने सॉस बनवणारे लोक आहेत.

मग हे गेलं पूर्वेला. युआसाच्याच आसपासचे लोक समुद्रमार्गे चोशी बंदराकडे सरकले, तिथे हिगेता या सोया सॉसच्या कंपनीची सुरुवात 1616 ची आणि यामासाची 1645 ची. जवळच नोदा गाव, तिथे ताकानाशी आणि मोगी घराणी 1660 च्या दशकापासून या धंद्यात, आणि यांच्याच वंशजांनी 1917 ला आठ घराण्यांची मिळून एक कंपनी काढली ती म्हणजे आजची किक्कोमान. नोदाच का, तर शेजारून एदो नदी वाहते, होडीत पिंपं घातली की थेट एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, जिथे अठराव्या शतकात दहा लाखाच्या आसपास लोक राहत होते आणि त्यातले बरेच एकटे कामगार, रस्त्यावर उभ्याने खाणारे. आसपासच्या मैदानात सोयाबीन आणि गहू दोन्ही पिकायचे. आधी एदोवाले सॉस ओसाकाकडून मागवायचे, नंतर त्यांना हा जवळचा, जास्त गडद आणि गव्हामुळे जास्त सुवासिक सॉस आवडायला लागला आणि ओसाकाचा माल मागे पडला.

गहू हा इथला खरा मुद्दा आहे, तो लोक विसरतात. सोयाबीन वाफवायचं, गहू भाजून भरडायचा, दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे घ्यायचे, त्यावर कोजीची बुरशी पेरायची आणि उबदार दमट खोलीत साधारण तीन दिवस ठेवायचं, मग दाण्यांवर हिरवट-पिवळी लव चढते आणि खोलीभर भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो म्हणतात. हे सगळं मिठाच्या पाण्यात सोडलं की पुढचे कमीत कमी सहा महिने, लाकडी पिंपात असेल तर दीड-दोन वर्षं सुद्धा, नुसतं ढवळायचं आणि वाट बघायची. बुरशी सोयाच्या प्रोटीनचे तुकडे करून अमिनो आम्लं करते, गव्हाच्या स्टार्चची साखर करते, मग त्यातल्या थोड्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं. शेवटी कापडात घालून दाबून गाळायचं आणि गरम करायचं. म्हणजे बाटलीत काय आलं, अमिनो आम्लं आणि साखर, दोन्ही एकाच जागी. आणि हे दोघं गरम तव्यावर भेटले की जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो येणारच. सोया सॉस आच मागतो तो असा.

मध्येच एक आपल्याकडची गंमत. नागासाकीच्या देजिमा बेटावरून डच लोक 1640 च्या दशकापासून सोया सॉस बाहेर नेत होते, आशियातल्या त्यांच्या वखारींमध्ये. आणि 1689 मध्ये सुरतेला आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन लिहून ठेवतो की तिथल्या वखारीतल्या जेवणात बांबूचं लोणचं, आंब्याचं लोणचं आणि सोय कायम हजर असायचं, आणि सगळ्या सॉसमध्ये सोय हा सर्वात उत्तम. महाराजांनी 1664 आणि 1670 ला लुटली तीच ही सुरत. म्हणजे शिवकाळ संपतो न संपतो तोच सोया सॉस आपल्या दारापर्यंत आलेला होता, फक्त साहेबाच्या टेबलावरून खाली उतरला नाही.

परत एदोला. ग्लेझ म्हणजे चकाकी, आणि चकाकीला लागते साखर. साखर जपानात बराच काळ नागासाकीतून येणारी परदेशी, महागडी चीज होती, अठराव्या शतकात शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) योशिमुनेने देशात ऊस लावायला उत्तेजन दिलं तेव्हा हळूहळू आवाक्यात यायला लागली. त्याआधी गोडव्याचं काम मिरिन करायची, म्हणजे चिकट तांदळापासून केलेली गोड दारू. नोदाच्या खाली त्याच नदीकाठी नागारेयामा गाव आहे, तिथल्या पांढऱ्या मिरिनचं एकोणिसाव्या शतकात एदोत खूप नाव झालं. एकाच नदीवरून सोया आणि मिरिन दोन्ही एकाच शहरात उतरायला लागले, तिथे पुढचं वेगळं सांगायला नको. एदोचे ईल विकणारे मासा चिरून, काट्यांवर लावून, कोळशावर भाजत, या दोघांच्या मिश्रणात बुडवत, परत भाजत, परत बुडवत. हा ईलचा काबायाकी म्हणजे सगळ्या सोया ग्लेझांचा आजोबा. जुन्या दुकानांत ते बुडवायचं मिश्रण कधी पूर्ण संपू देत नाहीत, त्यात रोज नवीन भर घालतात. तेरियाकी याच घरातली, यलोटेलसारख्या तेलकट माशावर.

आणि या सगळ्यात वसाबी कुठे? कुठेच नाही. ईलवर मिरी कुळातला नसलेला पण मिऱ्याचं काम करणारा सांशो भुरभुरतात, आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ, वसाबी नाही.

वसाबीचा इतिहास डोंगरातला. आसुका इथल्या उत्खननात सातव्या शतकातली लाकडी पट्टी सापडली तिच्यावर वसाबीचं नाव आहे, 918 सालच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात ती आहे, आणि 1489 सालच्या एका पाकशास्त्राच्या पोथीत सांगितलंय की कार्प मासा कच्चा वाढताना सोबत वसाबी घातलेला व्हिनेगर द्यावा. हे नीट बघा, व्हिनेगर, सोया नाही. तोवर वसाबी जंगलातून ओरबाडून आणायची वस्तू होती. लागवड सुरू झाली सुमारे 400 वर्षांपूर्वी, शिझुओकाच्या आबे नदीच्या उगमाकडे उतोगी गावात. जपानची सत्ता हातात असलेल्या तोकुगावा इएयासूला 1607 च्या सुमारास ती भेट दिली, त्याला चव आवडलीच पण पानाचा आकार त्याच्या घराण्याच्या राजचिन्हातल्या पानासारखा निघाला, मग काय, रोपं गावाबाहेर न्यायची नाहीत असा हुकूम. तो मोडला 1744 ला. इझूचा इतागाकी कान्शिरो शिताके मशरूमची लागवड शिकवायला उतोगीत आला होता, जाताना गावकऱ्यांनी उपकाराची फेड म्हणून त्याच्या जेवणाच्या डब्यातून रोपं दिली अशी गोष्ट सांगतात. त्यातून इझूचे मळे उभे राहिले, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठे दगड खाली, बारीक वर, त्यावर वाळू अशी वाफ्यांची रचना बसवली आणि वरून झऱ्याचं पाणी कायम झिरपत ठेवलं. पाणी वर्षभर 10 ते 15 अंशांमध्ये हवं, सावली हवी, आणि काढणीला दीड-दोन वर्षं. शिझुओकाच्या या शेतीला 2018 ला एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. एवढे लाड असलेली वस्तू स्वस्त कशी मिळणार.

आता आचेचं भांडण. हे समजायला जपानला जायची गरज नाही, आपल्या आजीचं लोणचं पुरे. मोहरी फोडणीत टाकली तर तडतडते, खमंग लागते, पण नाकात जात नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की डोळ्यातून पाणी. मोहरी तीच, फरक कशाने पडला? दाण्यात एक तिखटाचा कच्चा माल आणि एक एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, चिरडून पाणी लागलं की दोघं भेटतात आणि झणका तयार होतो, गरम तेलात एन्झाइमच मरतो त्यामुळे झणका जन्मालाच येत नाही. वसाबीत अक्षरशः हेच रसायन आहे, तोच झणका. म्हणून ती शार्कच्या कातडीच्या किसणीवर अगदी बारीक, गोल-गोल फिरवत किसतात, जितक्या पेशी फुटतील तितकी तिखट. आणि झणका उडून जाणारा, पंधरा-वीस मिनिटांत अर्धा खेळ खलास, गरम केला तर त्याहून लवकर. तो इतका पटकन हवेत पसरतो की झोपलेल्या माणसाला वसाबीच्या वासाने उठवणारा फायर अलार्म जपानी संशोधकांनी बनवला आणि त्यांना 2011 चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारं विनोदी पारितोषिक) मिळालं.

त्यामुळे जपानात सोया आणि वसाबी भेटले ते थंड बशीत. साशिमीबरोबर (कच्च्या माशाचे काप) पूर्वी साके (तांदळाची दारू), उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ आणि सुकवलेला बोनिटो मासा एकत्र उकळून केलेलं इरिझाके असायचं, एदोत सोया स्वस्त झाला तशी त्याची जागा सोयाने घेतली. 1820 च्या दशकात हानाया योहेईचं नाव ज्याच्याशी जोडतात ती हातावर दाबलेली सुशी आली, भात आणि माशाच्या मध्ये वसाबीचा ठिपका. तरीही जुने खवय्ये वसाबी सोयामध्ये कालवू देत नाहीत, माशावर ठेवून मग मासा सोयात टेकवायचा म्हणतात, आणि झणका टिकायच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे.

मग ग्लेझ कसं झालं? माझं मत विचाराल तर नकली वसाबीमुळे झालं. खऱ्या वसाबीऐवजी हॉर्सरॅडिश (एक तिखट मूळ) वाळवून, मोहरी मिसळून, हिरवा रंग घालून केलेली पावडर विसाव्या शतकात आली, पुढे ट्यूब आली. पावडर कोरडी असेपर्यंत शांत असते, पाणी लागलं की उठते. ती जगभर कुठेही पाठवता येते आणि हात सैल सोडून वापरता येते. दीड वर्ष सांभाळलेला खरा वसाबीचा गड्डा कोण बटरमध्ये ढवळायला जाईल, हॉर्सरॅडिश मात्र युरोपात आधीपासूनच क्रीममध्ये घालून बीफबरोबर खात होतेच.

दुसरी बाजू तयार होत होती हवाईत. उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या जपानी लोकांनी तेरियाकीत मिरिनऐवजी ब्राउन शुगर, अननसाचा रस, आलं, लसूण घालायला सुरुवात केली आणि ती दाट, गोड झाली. किक्कोमानने 1957 ला सॅन फ्रान्सिस्कोत ऑफिस टाकलं, 1961 ला बाटलीतला तेरियाकी सॉस काढला आणि 1973 ला विस्कॉन्सिनमध्ये कारखानाच सुरू केला. सिअ‍ॅटलमध्ये 1976 ला तोशिहिरो कासाहारांनी दुकान टाकलं आणि त्या शहराची तर ओळखच तेरियाकी चिकन झाली. मग ऐंशीचं दशक, शेफ वोल्फगांग पकचं शिन्वा हे हॉटेल 1983 चं, नोबू मात्सुहिसांचं बेव्हर्ली हिल्सचं हॉटेल 1987 चं, हवाईतल्या बारा शेफची चळवळ 1991 ची. फ्रेंच बटर सॉसचं तंत्र, हवाईचा ट्यूना, जपानी सोया आणि हिरवी पावडर, सगळं एका किचनमध्ये. वसाबी मॅश, वसाबी मेयो, वसाबी बटर ही याच काळातली पिल्लं. बटर किंवा मेयोच का, तर तो झणका तेलात विरघळतो, स्निग्धात धरून ठेवला तर लगेच उडत नाही. आणि ग्लेझमध्ये युक्ती एवढीच की सोया, मिरिन, साखर आधी आटवून चमच्याच्या पाठीला चिकटेल असं करायचं, गॅस बंद, कोमट झालं की मग वसाबी. उकळत्यात टाकली तर फक्त रंग उरतो.

आपल्याकडे सोया आला तो जपानहून नाही, कोलकात्याच्या चिनी वस्तीतून. मुंबईत 1975 च्या सुमारास नेल्सन वांग यांनी सीसीआयमध्ये (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) चिकन मंचुरियन केलं, आणि खरं सांगायचं तर ते सुद्धा सोयाचं ग्लेझच, फक्त चकाकी साखरेऐवजी कॉर्नफ्लोरची. वसाबी मोठ्या थाटात आली 2004 ला, मुंबईच्या ताजमध्ये शेफ मोरिमोतोचं वसाबी नावाचं हॉटेल उघडलं तेव्हा. लातूर-विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं, पण ते जातं तेलाला आणि पेंडीला, आंबवायला नाही.

घरी करणार असाल तर यातून निघणारी कामाची गोष्ट म्हणजे लेबल. चायनीजवाला डार्क सोया आटवू नका, त्यात बहुतेकदा कॅरॅमल असतं, आटला की कडवट होतो. हायड्रोलाइज्ड प्रोटीन लिहिलेलं असेल तर तो आम्लाने काही दिवसांत पाडलेला माल आहे, युद्धानंतर सोयाबीनच्या टंचाईत जपानने सुद्धा अशा आम्लाच्या पद्धतीची मदत घेतली होती, पण आटवल्यावर वासातला फरक लगेच कळतो. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तो घ्या. आणि वसाबीच्या ट्यूबवर हॉर्सरॅडिश दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका, या कामाला तेच बरं पडतं.